जुनी कंबरदुखी: सुरुवात कुठून करायची

वाकायला गेलात, कंबरेत उसण भरली, चार दिवस धड उठता-बसता आलं नाही आणि पंधरवड्यात सगळं पूर्ववत झालं. अशी कंबरदुखी बहुतेकांना कधी ना कधी गाठतेच, तिच्यासाठी एवढा मोठा लेख वाचायची गरज नाही. ज्यांचं दुखणं 12 आठवडे उलटले तरी हटलेलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. गोळ्या झाल्या, शेक झाला, मलम झालं, पट्टा बांधून झाला, आणि तरी सकाळी मोजे घालताना कंबर कुरकुरतेच.

12 आठवड्यांनंतरच्या दुखण्याला वैद्यकात 'जुनं दुखणं' धरतात. स्नायू, अस्थिबंध (हाडांना हाडं जोडणारे तंतू) यांना झालेली साधी इजा तोवर बहुधा भरून आलेली असते. तरीही दुखत असेल तर दुखणं टिकवून धरणारं आणखी काही त्यात मिसळलेलं असतं, आणि म्हणूनच पहिल्या आठवड्यात लागू पडणारे उपाय चौथ्या महिन्यात लागू पडत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली जगभरात 61.9 कोटी लोकांची कंबर दुखत होती. माणसाला कामातून उठवणाऱ्या कारणांत कंबरदुखीचा नंबर पहिला लागतो. यातल्या साधारण 90 टक्के लोकांच्या बाबतीत 'हे बघा, इथे बिघडलंय' असं बोट ठेवून दाखवता येत नाही. यावरून दुखणं मनाचे खेळ आहेत असं कुणी सुचवलं तर ते चूक आहे. दुखणं शंभर टक्के खरं असतं, फक्त त्याचं मूळ एका मणक्यात नसतं.

खालच्या पायऱ्यांपैकी पहिल्या दोन आधी उरका. बाकीच्या थोड्या मागेपुढे झाल्या तरी चालतील.

पायरी 1: धोक्याच्या खुणा नाहीत ना, हे पाहा

काही लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहायची नाही, त्याच क्षणी रुग्णालय गाठायचं. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा सुटणं, सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग बधिर होणं, दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने कमी होणं. कण्याच्या खालच्या टोकाला नसांचा जुडगा असतो, तो दाबला गेला की असं होतं. इथे तासांचा हिशेब असतो. उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं. पाय दुखतोय की कंबर, याला अशा वेळी महत्त्व नाही. लाजेखातर लघवीची गोष्ट डॉक्टरांना न सांगणारे लोक असतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

दुसऱ्या गटासाठी त्याच रात्री धावपळ नको, पण काही दिवसांत डॉक्टरांना दाखवायलाच हवं: कंबरदुखीबरोबर ताप, कारणाशिवाय घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं (विशेषतः उतारवयात किंवा बराच काळ स्टेरॉइड घेत असाल तर), कोणत्याही कुशीवर न थांबता रात्रंदिवस वाढत जाणारी कळ, चालताना पाऊल घसटणं. मणक्याचा क्षयरोग, जंतुसंसर्ग, हाड दबून होणारा अस्थिभंग, गाठ अशी कारणं विरळा असतात, पण सापडली तर त्यांचा उपचार पूर्ण वेगळा असतो.

आणखी एक प्रकार हमखास निसटतो. वय चाळिशीच्या आत, दुखणं हळूहळू सुरू झालेलं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ पाठ आखडलेली, पहाटे दुखण्याने जाग येते, आणि गंमत म्हणजे आराम केला की जास्त दुखतं, हिंडलं-फिरलं की बरं वाटतं. हे वर्णन तुमचं असेल तर संधिवाततज्ज्ञांना भेटा. मणक्यांच्या सांध्यांना सूज आणणारा हा संधिवात साध्या कंबरदुखीच्या नावाखाली कित्येक वर्षं दडून राहतो आणि त्यावर आज चांगली औषधं आहेत.

कळ नितंबातून गुडघ्याखाली, पार पावलापर्यंत जात असेल, मुंग्या येत असतील, तर नस चिडलेली असण्याची शक्यता जास्त. थोडं चाललं की पाय भरून येतात आणि बसलं किंवा पुढे झुकलं की मोकळे होतात, हा उतारवयातला कण्याची वाट अरुंद झाल्याचा नमुना. दोन्ही डॉक्टरांना आवर्जून सांगायच्या गोष्टी आहेत. खालच्या बऱ्याच पायऱ्या त्यांनाही उपयोगी पडतात, मात्र मात्रा ठरवताना सल्ला घ्या.

पायरी 2: एमआरआयचा कागद वाचायला शिका

'मणक्यात गॅप आलाय', 'गादी सरकलीये', 'नस दबलीये'. (गादी म्हणजे दोन मणक्यांमधली मऊ चकती.) ही वाक्यं एकदा कानावर पडली की माणूस पुढची दहा वर्षं काचेचं भांडं असल्यासारखा वावरतो. माझ्या मते जुन्या कंबरदुखीत दुखण्याइतकंच नुकसान या वाक्यांनी केलंय.

2015 साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. कंबर अजिबात दुखत नसलेल्या 3,110 लोकांची स्कॅन त्यात एकत्र पाहिली होती. विशीतल्या 37 टक्के लोकांच्या गाद्यांची झीज दिसत होती. चाळिशीत हा आकडा 68 टक्के, ऐंशीत 96 टक्के. गादी फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीत 30 टक्के, चाळिशीत 50 टक्के. हे सगळे ठणठणीत लोक. म्हणजे चाळिशीतल्या कुणालाही रस्त्यावरून उचलून यंत्रात घातलं तर निम्म्यांच्या कागदावर तुमच्यासारखीच भीतिदायक भाषा उमटेल.

मग एमआरआय निरुपयोगी का? तसं नाही. पहिल्या पायरीतल्या खुणा असतील, पायातली ताकद जात असेल किंवा शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल, तर तो हवाच. 'एकदा बघून घेऊ' म्हणून काढलेला मात्र बऱ्याचदा डोक्याला ताप होतो, कारण यंत्राला झीज दिसते, दुखणं दिसत नाही.

गादीबद्दल दोन गोष्टी कायम लक्षात असू द्या. एक, ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. साबणाच्या वडीसारखी सटकत नाही. तिचं बाहेरचं कडं कमकुवत होऊन आतला गर बाहेर डोकावतो, एवढंच. दोन, बाहेर आलेला हा गर शरीर कित्येकदा काही महिन्यांत आपणच शोषून घेतं, आणि मोठा तुकडा बाहेर आला असेल तर तो आक्रसण्याची शक्यता उलट जास्त असते.

कागद घेऊन डॉक्टरांकडे जाताना तीन प्रश्न लिहून न्या. माझी लक्षणं आणि या चित्रात दिसतंय ते जुळतं का? माझ्या वयाच्या न दुखणाऱ्या माणसात हे दिसलं असतं का? या निष्कर्षामुळे माझा उपचार बदलणार आहे का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं तर कागद फाइलीत ठेवून द्या आणि रोज काढून वाचू नका.

पायरी 3: दुखणं टिकतं कसं, हे समजून घ्या

हा भाग लोक गाळतात आणि मग पुढचं काही जमत नाही.

दुखणं मणक्यात तयार होऊन वर जात नाही. खालून नसा 'काहीतरी चाललंय' अशी वर्दी देतात. ती मज्जारज्जूत वाढवलीही जाते, दाबलीही जाते. शेवटी मेंदू आजवरचा अनुभव, भीती, थकवा, आजूबाजूची परिस्थिती या सगळ्याचा मेळ घालून ठरवतो की दुखवायचं की नाही आणि किती. मज्जारज्जूत असं नियमन चालतं ही कल्पना रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली मांडली. तिचे तपशील पुढे बदलले, गाभा टिकला.

वर्दी महिनोन् महिने येत राहिली की ही यंत्रणा हळवी होते. उन्हाने भाजलेल्या खांद्याला सदऱ्याचा स्पर्शही झोंबतो; सदरा कातडीला इजा करत नसतो, पण नसांनी कमी उत्तेजनावर बोंब ठोकायला सुरुवात केलेली असते. जुन्या कंबरदुखीत तसंच होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रात्रीची झोप मोडली असेल तर तीच बादली, तेवढंच पाणी, तेवढंच वाकणं आज दुप्पट दुखतं. मणके रातोरात बदललेले नसतात.

आता एक छोटा प्रयोग करा. जमिनीवर पेन टाका आणि उचला. उचलताना स्वतःकडे लक्ष द्या. बहुतेक जुने दुखणेकरी आधी टेबलाचा आधार घेतात, श्वास रोखतात, पोट आवळतात, पाठ फळीसारखी ताठ करतात आणि गुडघे वाकवत कसंबसं खाली जातात. पेनचं वजन काही ग्रॅम. पाठीचे आणि पोटाचे स्नायू मात्र पोतं उचलायच्या तयारीत. दिवसभर असे आवळलेले स्नायू संध्याकाळी ठणकणारच. मग त्या ठणक्यावरून माणूस निष्कर्ष काढतो की वाकणं वाईट, आणखी जपायला हवं. जपण्यातून ताठरपणा, ताठरपणातून दुखणं, दुखण्यातून आणखी जपणं. हे चक्र तोडायचंय. दुखतंय म्हणजे आत काहीतरी तुटतंय, हे समीकरण जुन्या दुखण्यात बहुधा खोटं असतं, आणि ते खोटं असल्याचं शरीराला पटवायला बोलणं पुरत नाही, हालचाल करूनच दाखवावी लागते.

पायरी 4: एक आठवडा फक्त नोंद ठेवा

काहीही बदलू नका. वहीत एवढंच लिहा: किती वेळ सलग बसल्यावर, उभं राहिल्यावर, चालल्यावर कंबर तक्रार करू लागते, आदल्या रात्री झोप कशी होती, दिवसात काही मोठी दगदग, धावपळ झाली का. दर तासाला 'दुखणं दहापैकी किती' असं लिहू नका. सतत मोजत राहिलं की लक्ष तिथेच खिळून राहतं. रात्री एकदा लिहिलं की पुरे.

आठवड्याअखेर वहीत दोन प्रकारचे दिवस दिसतील. बरा दिवस, ज्या दिवशी राहिलेली सगळी कामं उपसली. आणि त्यानंतरचे आडवे पडून काढलेले दिवस. ही जोडी वहीत वारंवार दिसली तर पुढची पायरी खास तुमच्यासाठी आहे.

पायरी 5: दुखण्याला विचारू नका, घड्याळाला विचारा

या लेखातलं एकच काही करायचं ठरवलंत तर ही पायरी करा.

बरं वाटतंय म्हणून रेटायचं आणि दुखतंय म्हणून थांबायचं, या पद्धतीत तुमचा दिवस दुखणं ठरवतं. शिवाय 'हालचाल केली की दुखतं' हा धडा शरीर दर वेळी नव्याने गिरवतं. त्याऐवजी कामाची मात्रा आधीच ठरवा. समजा, बऱ्या दिवशी तुम्ही 25 मिनिटं सलग उभं राहू शकता आणि वाईट दिवशी 10. सरासरी काढू नका. वाईट दिवसाचा आकडा घ्या, त्यातूनही थोडं कमी करा: 8 मिनिटं. ही तुमची सुरुवात.

आता नियम दोन. बऱ्या दिवशीही 8 मिनिटं झाली की बसायचं, कितीही हुरूप असला तरी. वाईट दिवशीही 8 मिनिटं उभं राहायचं, कितीही कंटाळा आला तरी. पहिला नियम दुसऱ्यापेक्षा अवघड आहे. ओट्याशी उभं राहून काम रंगात आलंय, कंबर गप्प आहे, आणि घड्याळ वाजलं म्हणून हातातलं टाकून खुर्चीत बसायचं, हे वेडगळ वाटतं. घरच्यांना तर जास्तच. पण कंबर गप्प असतानाच थांबलात, तरच मेंदूकडे 'उभं राहिलो आणि काही झालं नाही' असा अनुभव जमा होतो. मिनिटभराने पुन्हा उभं राहून आणखी 8 मिनिटं करायला कुणाची ना नाही.

आठवडाभर नीट जमलं की साधारण दहा टक्क्यांनी वाढवा. 8 ची 9 मिनिटं. हास्यास्पद वाटेल इतकी छोटी वाढ, पण महिन्यांच्या हिशेबात ती मोठी होते. वाढवल्यावर थोडं जास्त दुखलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या पातळीला आलं, तर काळजी नको, तिथेच टिकून राहा. दोन दिवसांनंतरही खाली आलं नाही तर मात्रा जास्त झाली. मागच्या आकड्यावर या आणि तिथे आठवडाभर थांबा. पूर्ण बंद मात्र करू नका.

हीच रीत बसणं, चालणं, गाडी चालवणं, मूल कडेवर घेणं या सगळ्याला लावता येते. एका वेळी दोनच गोष्टी निवडा.

पायरी 6: चाला, मग वाका

कुठला व्यायाम सगळ्यात चांगला, या प्रश्नावर तावातावाने वाद होतात. योगासनं, पिलाटीस, पोहणं, वजनं उचलणं या सगळ्यांचा जुन्या कंबरदुखीत थोडाफार फायदा दिसतो आणि कुणी एक बाकीच्यांना फार मागे टाकत नाही. तुम्हाला आवडेल, परवडेल आणि सहा महिन्यांनीही चालू राहील तोच तुमच्यासाठी उत्तम.

काहीच सुचत नसेल तर चालणं घ्या. ऑस्ट्रेलियात 701 लोकांवर झालेल्या आणि 2024 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या लोकांना टप्प्याटप्प्याने चालणं वाढवायला शिकवलं. आठवड्यातून 5 दिवस, रोज 30 मिनिटांपर्यंत. सोबत फिजिओथेरपिस्टची थोडी शिकवणी. त्यांचं दुखणं परत उलटायला साधारण 208 दिवस लागले, काहीच न केलेल्यांचं 112 दिवसांत उलटलं. तुमचं दुखणं अजून चालू आहे, त्यामुळे 30 मिनिटांवरून सुरुवात नको. पाचव्या पायरीतून आलेला आकडा घ्या. 6 मिनिटं आली तर 6.

ताकदीसाठी तीन साध्या गोष्टी पुरतात. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, कंबर उचलून पाच आकडे धरणं. रांगण्याच्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय लांबवणं, मग उलट. आणि हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं. प्रत्येकी 5-6 वेळा, एक दिवसाआड. जमू लागलं की वाढवा.

खरी कसोटी वाकण्याची. ज्याची भीती आहे तेच शेवटी शिकायचं आहे, पण शिडी लावून. सुरुवात खुर्चीत बसून. पाय जमिनीवर, हात मांड्यांवर. तोंडाने सावकाश श्वास सोडत हात नडग्यांवरून खाली घसरू द्या. पोट सैल, मान सैल, पाठ गोल झाली तर होऊ द्या. अर्ध्यापर्यंत गेलात तरी चालेल. वर येतानाही श्वास रोखायचा नाही. आठवडाभर हे सहज होऊ लागलं की उभं राहून स्टुलावरची उशी उचला. मग तीच उशी जमिनीवरून. मग अर्धी भरलेली पिशवी, मग भरलेली. आधीच्या पायरीवर श्वास मोकळा राहिला, हीच पुढच्या पायरीची परवानगी. गर गादीबाहेर येऊन पाय तीव्र कळा मारत असेल अशा ताज्या दिवसांत ही शिडी थांबवा, फिजिओथेरपिस्टला विचारून पुन्हा सुरू करा.

पायरी 7: बसणं, झोपणं, पट्टे, गाद्या

'ताठ बसा' हा सल्ला फुकट मिळतो आणि तेवढ्याच किमतीचा असतो. आदर्श अशी एकच बैठक नाही. ताठ बसा, रेला, पाय लांब करा, पण अर्ध्या तासापेक्षा जास्त एकाच ठेवणीत राहू नका. खुर्चीवर पैसे ओतण्याआधी दर अर्ध्या तासाला उठून पाहा.

बिछाना फार कडक नको. स्पेनमध्ये 313 रुग्णांवर झालेल्या 2003 सालच्या चाचणीत, कडक बिछान्यापेक्षा मध्यम कडक बिछान्यावर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. जमिनीवर फळी टाकून झोपायचा हट्ट त्यामुळे सोडायला हरकत नाही, आणि तसं झोपून खरोखर बरं वाटत असेल तर धरायलाही नाही. कुशीवर झोपत असाल तर गुडघ्यांत उशी घेऊन पाहा. सकाळी उठताना सरळ उठून बसण्याऐवजी आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताने रेटा देत उठा.

2023 च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. कमरेचे पट्टे, वजन लावून कंबर ताणणं आणि अफूवर्गातली वेदनाशामकं सरसकट देऊ नयेत, असं त्यात म्हटलंय. व्यायाम, दुखण्याविषयी नीट माहिती, मानसोपचार, मालिश, मणक्यांवरचे हाताचे उपचार आणि सूज उतरवणाऱ्या गोळ्या यांची शिफारस आहे. या गोळ्या, म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे, थोड्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांना विचारून. रक्तदाब, मूत्रपिंड, जठरातला व्रण किंवा हृदयाचा त्रास असेल तर मनाने मुळीच नाही. मालिशने बरं वाटतं, ते जरूर घ्या, पण त्या सैल झालेल्या तासाभरात चालून या. नुसतं मालिश करून पडून राहण्यात फायदा विरून जातो.

शस्त्रक्रियेचं गणित थोडक्यात असं: नस दाबल्याने पायात कळा येत असतील आणि काही आठवडे नीट उपचार करूनही थांबत नसतील, तर तिने लवकर आराम पडतो. दुखणं फक्त कंबरेत असेल तर मणके जोडायच्या शस्त्रक्रियेने, नेटाने केलेल्या व्यायामाच्या कार्यक्रमापेक्षा फारसं जास्त साधत नाही. घाईने होकार देऊ नका, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

पायरी 8: झोप, डोकं आणि घरची माणसं

दुखण्याने झोप मोडते आणि मोडलेली झोप दुसऱ्या दिवशीचं दुखणं वाढवते. रोज एकाच वेळी उठणं हा त्यातला सगळ्यात उपयोगी नियम, रात्र कशीही गेली तरी. दिवसा पडून राहणं कमी केलं की रात्रीची झोप सुधारते.

मानसोपचार म्हटलं की लोकांचा पारा चढतो: 'मी काय वेडा आहे का?' पण तिसरी पायरी पटली असेल तर यात अपमानाचं काही राहत नाही. 2022 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जुनी कंबरदुखी असलेल्या 151 लोकांपैकी एका गटाला चार आठवडे असे उपचार दिले, की दुखणं म्हणजे इजा ही समजूत सुटावी आणि हालचालीची भीती जावी. त्या गटातले 66 टक्के लोक पूर्ण किंवा जवळजवळ दुखणंमुक्त झाले. खोटं इंजेक्शन घेतलेल्यांत 20 टक्के, नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांत 10. चाचणी लहान होती आणि रुग्ण फार गंभीर नव्हते, त्यामुळे यावरून चमत्काराची आशा धरू नये. पण कंबरेला हातही न लावता एवढा फरक पडला, हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

घरच्यांचं प्रेम कधीकधी आड येतं. 'तू बस, मी करते' हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकलं की माणूस खरोखरच अधू होतो. त्यांना तुमचा आकडा सांगून ठेवा: 8 मिनिटं मी करणार, त्यानंतरचं तू कर. आणि 'आज कसं दुखतंय?' ऐवजी 'आज काय काय केलंस?' असं विचारायला सांगा.

पायरी 9: दुखणं उसळलं की काय करायचं, हे आधीच लिहून ठेवा

उसळी येणारच. कधी कारण सापडेल, कधी नाही. त्या वेळी डोकं ठिकाणावर नसतं, म्हणून बऱ्या दिवशी एक कागद तयार करा. त्यावर काय असावं?

पहिले एक-दोन दिवस कामाची मात्रा निम्म्यावर आणायची, शून्यावर नाही. 1995 साली फिनलंडमध्ये, ताजी कंबर धरलेल्या लोकांची चाचणी झाली. दोन दिवस अंथरुणात पडलेल्यांपेक्षा जमेल तशी रोजची कामं करत राहिलेले लवकर सावरले. त्यानंतर शेक किंवा गरम पाण्याची आंघोळ, डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी, तासातासाला घरातल्या घरात दोन फेऱ्या, आरामात जमेल तेवढं गुडघे डावी-उजवीकडे झुकवणं. तिसऱ्या दिवसापासून मात्रा रोज थोडी वाढवत आठवड्याभरात जुन्या आकड्यावर. नवीन डॉक्टर, नवीन एमआरआय, नवीन पट्टा यांचा शोध या आठवड्यात घ्यायचा नाही, हेही कागदावर लिहा. पहिल्या पायरीतली एखादी खूण दिसली तर मात्र कागद बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जायचं.

पायरी 10: प्रगती कशात मोजायची

दुखण्याच्या आकड्यात मोजाल तर निराश व्हाल, कारण तो सगळ्यात शेवटी हलतो. आधी माणूस जास्त वेळ उभा राहू लागतो, मग रात्री कमी वेळा जाग येते, मग एखाद्या दुपारी ध्यानात येतं की सकाळपासून कंबरेचा विचारच डोक्यात आला नव्हता. म्हणून तीन कामं निवडा जी कंबरेमुळे सुटली आहेत आणि तुम्हाला मनापासून परत हवी आहेत. 'नातवाला कडेवर घेऊन एक जिना चढणं', 'सिनेमा पूर्ण बसून पाहणं', 'स्वतःच्या बुटांच्या नाड्या स्वतः बांधणं', इतकी नेमकी. वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि दर चार आठवड्यांनी बघा, प्रत्येकात किती पुढे आलात. 12 आठवडे प्रामाणिकपणे करूनही तिन्ही जागच्या जागी असतील तर वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे किंवा दुखण्यावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडे जा. मोकळ्या हाताने गेलात तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. वही असली की कुठे अडलंय ते त्यांना दहा मिनिटांत कळतं.